अग्निवीर भरती: जीडी, टेक्निकल, क्लार्क का ट्रेड्समन, आणि सेंटर कुठलं मिळणार हे नक्की ठरतंय कसं

परवा संध्याकाळी गल्लीतलं एक पोरगं घरी आलं. हातात फॉर्मची प्रिंट, चपला दारात टाकल्या आणि उभ्या उभ्याच म्हणालं, "काका, मला मराठा लाइट इन्फंट्रीच पाहिजे, ते फॉर्ममध्ये कुठं टाकायचं?" मी प्रिंट घेऊन बघितली तर कॅटेगरीपुढं ट्रेड्समन दहावी पास (स्वयंपाक, शिवणकाम असल्या कामांची कॅटेगरी) आणि दुसरी कॅटेगरी रिकामी. दहावीला ५८ टक्के, उंची १७१, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारतंय, बीम म्हणजे पुलअप्स दहाच्या दहा निघत्यात, आणि फॉर्म ट्रेड्समनला. का रे असं केलंस विचारलं तर म्हणे फॉर्म भरून देणाऱ्यानं सांगितलं तिथं गर्दी कमी असती. पोराला वाटलेलं की आत गेल्यावर साहेबाला सांगायचं मला जीडी (जनरल ड्युटी, म्हणजे लढणारा शिपाई) द्या, की देतील बदलून. तसं होत नसतंय. फॉर्मची मुदत संपलेली होती, त्याला काय सांगावं मला कळेना, चहा दिला आणि बराच वेळ दोघंबी गप्प बसलो.

म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतोय. मी २००४ ला भरती झालो, नाशिक रोडच्या तोफखाना सेंटरला ट्रेनिंग केलं, १७ वर्षं ड्रायव्हर म्हणून काढली आणि आता गडहिंग्लजकडं गावात असतो, पोरांचे फॉर्म आणि कागद बघून देतो, एक रुपया घेत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात भरतीची तयारी करणारं पोरगं नाही असं घर शोधावं लागतंय, शिरोळ तालुक्यात तर गावाचं नावच सैनिक टाकळी आहे, तरीबी आत गेल्यावर काम कुठलं मिळणार आणि ते कोण ठरवतंय हे विचारलं तर दहातल्या आठ जणांना सांगता येत नाही. सगळा जोर ग्राउंडवर. ग्राउंड पाहिजेच, पण कामाचं अर्धं अधिक ग्राउंडच्या आधी ठरून गेलेलं असतंय.

तीन ठिकाणी ठरतंय

पहिलं ठिकाण म्हणजे फॉर्म. तिथं कॅटेगरी ठरती: जीडी, टेक्निकल, क्लार्क-एसकेटी (एसकेटी म्हणजे स्टोअर कीपर टेक्निकल), ट्रेड्समन दहावी पास, ट्रेड्समन आठवी पास. हे शंभर टक्के तुझ्या हातात.

दुसरं ठिकाण मेरिट लागल्यावर. तिथं आर्म आणि सेंटर ठरतंय, म्हणजे इन्फंट्री का तोफखाना का इंजिनिअर्स का सिग्नल, आणि बेळगावला जायचं का नाशिकला का जबलपूरला. हे तुझ्या हातात जवळजवळ काहीच नाही.

तिसरं ठिकाण सेंटर. तिथं गेल्यावर आतला ट्रेड मिळतो, ड्रायव्हर, ऑपरेटर, गनर, इलेक्ट्रिशियन वगैरे. हे थोडंफार तुझ्या हातात आहे आणि त्याची तयारी घरातनंच करून जाता येती, त्याबद्दल पुढं सविस्तर सांगतो.

पोरं नेमकी उलटी करत्यात. जे हातात आहे ते नेट कॅफेवाल्यावर सोडत्यात आणि जे हातात नाही, म्हणजे सेंटर, त्यासाठी कुणाकुणाच्या मागं फिरत्यात.

फॉर्म भरायच्या आधी मार्कलिस्ट समोर घेऊन बसायचं

कोल्हापूरचं आर्मी रिक्रूटिंग ऑफिस, ज्याला आपण एआरओ म्हणतो, त्याच्याकडं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा एवढा भाग येतो. तुझा अधिवासाचा जिल्हा ह्यातला असेल तर तुझी भरती इथनंच, पुण्यात मामाकडं राहतोस म्हणून पुण्यातनं भरता येत नाही. फॉर्म जॉइन इंडियन आर्मीच्या सरकारी साइटवरच भरायचा आणि परीक्षेची फी २५० रुपये, त्याच्या वर जे कोण मागतंय ते त्याची स्वतःची मजुरी मागतंय एवढं लक्षात ठेव.

आता कॅटेगरी. एकेक सांगतो, कागद पेन घेऊन बस.

जीडी म्हणजे जनरल ड्युटी. दहावी पास, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात कमीत कमी ३३. आपल्याकडची निम्म्यापेक्षा जास्त पोरं ह्यातच भरत्यात आणि बरोबरच आहे, कारण इन्फंट्रीसकट लढणाऱ्या सगळ्या आर्मला जी पोरं जात्यात ती जास्त करून इथनं जात्यात. पण ४५ म्हणजे ४५, ४४.८० चालत नाही.

टेक्निकल. बारावी सायन्स, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स आणि इंग्लिश घेऊन, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०. किंवा दहावी एकूण ५० टक्के, त्यात इंग्लिश, गणित आणि विज्ञानात ४०-४०, आणि वर दोन वर्षाचा आयटीआय किंवा डिप्लोमा. ही दुसरी वाट आपल्या भागातल्या लई पोरांना माहितीच नाही. कळंब्याच्या आयटीआयतनं पोरगं बाहेर पडतंय, शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हेल्परला लागतंय आणि भरतीला मात्र जीडीचा फॉर्म भरतंय. अरे तुझ्याकडं फिटरचं, इलेक्ट्रिशियनचं, मोटर मेकॅनिकचं नाहीतर डिझेल मेकॅनिकचं सर्टिफिकेट आहे, तू टेक्निकलला बसतोस, आणि आयटीआयला बोनस मार्कबी आहेत. फक्त प्रत्येक आयटीआय ट्रेड चालत नाही, नोटिफिकेशनमध्ये चालणाऱ्या ट्रेडची यादी दिलेली असती, तुझ्या सर्टिफिकेटवर जे नाव छापलंय ते शब्दाला शब्द त्या यादीत आहे का बघ.

क्लार्क आणि स्टोअर कीपर टेक्निकल. बारावी कुठल्याबी शाखेची, एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०, शिवाय बारावीला इंग्लिश आणि गणित किंवा अकाउंट्स किंवा बुक कीपिंगमध्ये ५० पाहिजेतच. इथं लई पोरं मरत्यात. मागच्या वर्षी एक पोरगं कॉमर्सचं, बारावीला ६७ टक्के, क्लार्कची तयारी सहा महिने केली, इंग्लिशचा क्लास लावला, आणि माझ्याकडं मार्कलिस्ट घेऊन आलं तर इकॉनॉमिक्सला शंभरपैकी ४७. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्याला कळलं की आपण पात्रच नाही. एकूण टक्के सगळे बघत्यात, विषयवार कोण बघत नाही. आणि क्लार्कला आता टायपिंग टेस्टबी असती, त्यामुळं मोबाईलवर अंगठ्यानं टाइप करून भागणार नाही, कीबोर्डवर दोन्ही हातांनी बसली पाहिजे.

ट्रेड्समन दहावी पासला प्रत्येक विषयात ३३ आणि पास एवढंच लागतंय. ह्यात शेफ, स्टीवर्ड, वॉशरमन, टेलर, हेअर ड्रेसर, आर्टिझन, सपोर्ट स्टाफ असली कामं येत्यात. आठवी पासला हाउस कीपर आणि मेस कीपर. ही कामं कमी दर्जाची आहेत असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. मी दोन हिवाळे उंचीवर काढलेत, तिथं पहाटे चार वाजता बर्फ वितळवून आमच्यासाठी चहा ठेवणारा कूक कोण होता आणि त्याच्या हाताला काय भेगा पडलेल्या ते मी बघितलंय. मुद्दा एवढाच की ज्याला ते काम करायचंय त्यानं समजून उमजून भरावं, गर्दी कमी म्हणून भरू नये, कारण ट्रेड्समनला भरून आत गेल्यावर जीडी मिळेल ही आशा धरण्यात काय अर्थ नाही.

बारावी सायन्सला बायोलॉजी असलेल्यांसाठी नर्सिंग असिस्टंट आणि डी फार्म झालेल्यांसाठी सिपाही फार्मा अशाबी वाटा आहेत आणि त्या चार वर्षांच्या अग्निवीर नाहीत, रेग्युलर शिपाई आहेत, हे कानावर असू दे. पोरींसाठी मिलिटरी पोलिसात जीडी आहे, दहावी ४५ टक्के आणि उंची १६२, ट्रेनिंग बेंगळुरूला.

पगाराचं एक खोटं फिरतंय ते इथंच मोडून टाकतो. टेक्निकल किंवा क्लार्कला अग्निवीर म्हणून जास्त पगार असतो असं काही अकॅडमीत सांगितलं जातंय. अग्निवीराचं पॅकेज सगळ्या कॅटेगरीला एकच आहे: पहिल्या वर्षी महिना ३०,०००, मग ३३,०००, ३६,५००, ४०,०००. ह्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जात्यात म्हणून पहिल्या वर्षी हातात २१,००० येत्यात, तेवढीच रक्कम सरकार घालतंय आणि चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११.७१ लाख मिळत्यात असं योजना जाहीर झाली तेव्हा सांगितलेलं. तेव्हा कॅटेगरी पगाराकडं बघून निवडायची नाहीच, काम कुठलं जमतंय आणि चार वर्षांनी, २५ टक्क्यांपर्यंतच पुढं ठेवून घेणार असल्यामुळं, बाहेर यावं लागलं तर हातात कुठलं कसब असंल हे बघून निवडायची.

दोन कॅटेगरी भरायच्या, पण डोकं लावून

२०२५ च्या भरतीपासून एका पोराला दोन कॅटेगरीत अर्ज करता यायला लागला. लई चांगली सोय झाली. पण पोरं दुसरा रकाना रिकामा तरी सोडत्यात नाहीतर काहीतरी टाकायचं म्हणून टाकत्यात. मी असं सांगतो: आयटीआय फिटर असंल आणि धावायला बरा असंल तर टेक्निकल आणि जीडी. बारावीला एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० च्या वर असंल तर क्लार्क आणि जीडी. दहावीला ४५ च्या खाली असंल तर जीडीचा विषयच नाही, तिथं ट्रेड्समन. आणि पसंतीक्रम टाकताना पहिल्या जागी ते टाक जे उद्या खरंच मिळालं तर तू हसत जाशील, कारण मिळालं की ते मिळालं.

फॉर्म कुणीबी भरून देऊ दे, सबमिट दाबायच्या आधी स्क्रीनवर स्वतः वाच. कॅटेगरी, जन्मतारीख, दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव, वडलांचं नाव, आईचं नाव. आपल्याकडं आधारवर पांडुरंग आणि दहावीला पांडूरंग, एका कागदावर आडनाव आधी एकावर नंतर, असला घोळ घरोघरी आहे आणि मिलिटरीत दहावीचं सर्टिफिकेट प्रमाण मानतात, म्हणून आधार त्याच्याशी जुळवून घ्यायचा, महिनाभर आधी.

मेरिट तयार होतंय ते असं

आमच्या वेळी आधी ग्राउंड, मग मेडिकल, मग लेखी. २०२३ पासून उलटं झालंय, आधी ऑनलाइन लेखी, तिला सीईई (कॉमन एन्ट्रन्स एक्झाम) म्हणत्यात, आणि त्यात निघालेल्यांनाच रॅलीला, म्हणजे ग्राउंड आणि मेडिकलला, बोलावणं. २०२५ ला ही परीक्षा १३ भाषांत झाली, त्यात मराठीबी होती, म्हणजे इंग्लिश हिंदी येत नाही ही सबब गेली.

जीडीला ५० प्रश्न, १०० मार्क, एक तास, पास व्हायला ३५. क्लार्क आणि टेक्निकलला ५० प्रश्न २०० मार्कांचे आणि पासला ८०. चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कापला जातोय, म्हणजे दोन मार्कांच्या प्रश्नाला अर्धा मार्क. ३५ वर पोरं खूश होत्यात, पण ३५ नुसतं दार आहे, आत जागा मर्यादित आणि यादी वरनं खाली लागती.

रॅलीत सोळाशे मीटर. ५ मिनिटं ३० सेकंदाच्या आत आला तर ६० मार्क, ५:४५ पर्यंत ४८, ६ मिनिटांपर्यंत ३६, ६:१५ पर्यंत २४. बीमला दहाला ४०, नवाला ३३, आठाला २७, सातला २१, सहाला १६. नऊ फुटी खड्डा ओलांडणं आणि झिगझॅगवर तोल सांभाळून चालणं ह्यात नुसतं पास व्हायचं, त्याला मार्क नाहीत. मग उंची, छाती, कागदपत्रं, ॲडॅप्टेबिलिटी टेस्ट आणि मेडिकल.

आता ह्या आकड्यांकडं नीट बघ. पहिल्या ग्रुपमध्ये आलेल्यात आणि त्याच्या पुढच्या ग्रुपमध्ये आलेल्यात पंधरा सेकंदाचा फरक आणि १२ मार्क गेले. जीडीला लेखी आणि ग्राउंड दोन्ही मिळून मेरिट बनतंय म्हणून हे १२ मार्क भरून काढायला लेखीला सहा प्रश्न जास्तीचे बरोबर यावे लागत्यात. शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्यानं पहाटे पळणारी पोरं मी बघतो तेव्हा वाटतंय, ह्यातल्या कितीजणांनी काल रात्री तासभर गणित केलं असंल? पळायला कोणबी कमी पडत नाही इथं. आपली पोरं लेखीला मार खातात.

बोनस मार्क हे अजून एक न बघितलेलं खातं. एनसीसीचं ए, बी, सी सर्टिफिकेट, खेळाडूंचे, आणि वडील फौजेत आहेत किंवा होते त्यांच्या पोरांचे. वडील माजी सैनिक असतील तर रिलेशन सर्टिफिकेट लागतंय आणि ते वडलांच्या रेकॉर्ड ऑफिसकडनं येतंय, कोल्हापुरात बसून एका दिवसात मिळत नाही, म्हणून फॉर्म भरायच्या आधीच अर्ज टाकायचा. डिस्चार्ज बुकमध्ये पोराचं नाव आणि जन्मतारीख लागलेली आहे का, ती दहावीशी जुळती का, हे आधी बघायचं. माझ्या ओळखीच्या एका घरात डिस्चार्ज बुकातली तारीख आणि शाळेतली तारीख ह्यात अकरा महिन्यांचा फरक निघाला, दुरुस्त होईपर्यंत रॅली होऊन गेली.

मेरिटमध्ये नाव आलं, मग सेंटर कोण देतंय

ह्या ठिकाणी सगळ्यात जास्त अफवा आणि सगळ्यात जास्त लुबाडणूक.

कसं असतंय बघ. प्रत्येक भरतीला कुठल्या कॅटेगरीत किती जागा आणि कुठल्या ट्रेनिंग सेंटरला किती पोरं पाहिजेत ह्याचे आकडे वरनं येत्यात. एआरओ मेरिट लावून त्या जागा भरतंय. अग्निपथ योजना जून २०२२ ला जाहीर झाली तेव्हापासून धोरण ऑल इंडिया ऑल क्लास आहे, म्हणजे प्रांत-जात न बघता देशभरातनं भरती, आणि अग्निवीराच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलंय की त्याला कुठल्याबी रेजिमेंटला किंवा युनिटला पाठवता येईल आणि पुढं गरजेप्रमाणं बदलीबी करता येईल. त्यावर तू सही करतोस. फॉर्ममध्ये रेजिमेंट निवडायचा रकाना नसतो म्हणूनच तो त्या पोराला सापडत नव्हता.

मराठा लाइट इन्फंट्रीचं वेड मी समजू शकतो. १७६८ पासूनची पलटण, सेंटर बेळगावला म्हणजे आपल्यापासून हायवेनं दोन अडीच तासावर, छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची युद्धघोषणा, घरातले आजोबा चुलते त्यातच. रेजिमेंट सेंटरवर युनिट हेडक्वार्टर कोट्याची वेगळी भरती निघती, ती सेवेतल्या आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी, भावांसाठी आणि खेळाडूंसाठी असती. तुझे वडील किंवा भाऊ त्या रेजिमेंटचे असतील तर तिकडं लक्ष ठेव, रेजिमेंट नाव घेऊन मागायची सरळ वाट तीच.

बाकीच्यांना काय मिळू शकतंय? आपल्या राज्यातच बघायचं तर तोफखान्याचं सेंटर नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुप म्हणजे बॉम्बे सॅपर्स पुण्यात खडकीला, रणगाड्याचं आर्मर्ड कोअर सेंटर आणि मेकनाइज्ड इन्फंट्री दोन्ही अहिल्यानगरला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स नागपूरजवळ कामठीला. बाहेर महार रेजिमेंट सागरला, सिग्नल जबलपूरला आणि गोव्याला, ईएमई (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारे) सिकंदराबाद आणि भोपाळला, ऑर्डनन्स (शस्त्रं-सामान पुरवणारे) सिकंदराबादला, एएससी (रसद पुरवणारे) बेंगळुरूला, मेडिकल कोअर लखनौला. कॅटेगरीनं ह्यातली काही दारं उघडत्यात आणि काही मिटत्यात, म्हणजे टेक्निकलवाला ईएमई, सिग्नल, इंजिनिअर्स असल्या ठिकाणी जायची शक्यता जास्त आणि जीडीवाला इन्फंट्री, तोफखाना, आर्मर्ड अशा ठिकाणी. म्हणून मी पहिल्यापासून फॉर्मवर एवढा जोर देतोय.

ह्या टप्प्यावर फोन येत्यात. "तुमच्या मुलाचं नाव यादीत आहे, सेंटर चांगलं करून देतो, एवढे लागतील." आमच्या तालुक्यात एका आईनं गळ्यातली बोरमाळ मोडून पैसे दिलेले मी डोळ्यानं बघितलंय. पोरगं स्वतःच्या मेरिटवर लागलं, सेंटर जे यायचं तेच आलं आणि पैसे घेणारा म्हणतोय मी केलं. पैसे देऊन सेंटर मिळत नाही. कुणी मागितले तर एआरओत जाऊन सांगा. आणि मूळ कागदपत्रं कुठल्याबी अकॅडमीकडं ठेवायची नाहीत, फी राहिली म्हणून दहावीचं सर्टिफिकेट अडकवून ठेवल्याचं एका पोराच्या बाबतीत घडलंय आणि पडताळणीच्या आदल्या रात्री त्याच्या बापाला उसने पैसे काढून ते सोडवून आणावं लागलं.

अजून एक गल्लत. टेंबलाई टेकडीवर १०९ मराठा टीए बटालियन आहे, तिची भरती निघाली की पोरं तिला अग्निवीर समजून जात्यात. टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी, त्याचे नियम वेगळे, वयाची अट वेगळी, ती अग्निपथमध्ये येत नाही. जायचं तर जरूर जा, पण काय आहे ते समजून जा.

नेव्ही आणि एअरफोर्सचं थोडक्यात: तिथं फॉर्म वेगळे, नेव्हीचं ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्काला आणि एअरफोर्सचं बेळगावच्या सांबऱ्याला. नेव्हीत एसएसआर (बारावीवाले) आणि एमआर (दहावीवाले) हे फॉर्मलाच ठरतंय, आतला ट्रेड नंतर.

सेंटरला पोचल्यावरचा ट्रेड, आणि घरातनं काय तयारी न्यायची

माझंच सांगतो. नाशिक रोडला जानेवारीची थंडी, ग्राउंडवर आम्ही फॉलइन, नवीन डोकी भादरलेली, त्यामुळं कानाला वारं झोंबायचं. उस्ताद हातात रजिस्टर घेऊन आला आणि ओरडला, "गाडी किसको आती है?" शंभरातले पाचपन्नास हात वर. मग म्हणाला, "लाइसेंस किसके पास है?" हात झटकन खाली आले, राहिले आम्ही थोडेच. माझ्याकडं ट्रॅक्टरचं लायसन होतं, कारखान्याला ऊस घालायचा म्हणून वडलांनी काढून ठेवायला लावलेलं. आम्हाला बाजूला काढलं, दुसऱ्या दिवशी एकेकाला गाडीवर बसवून दोन बॅरलच्या मधनं रिव्हर्स घ्यायला लावली. ऊसाची भरलेली ट्रॉली अरुंद वाटेनं मागं घेतलेल्या पोराला ते काय अवघड? माझा ट्रेड तिथं लागला आणि १७ वर्षं तोच राहिला. ज्याच्याकडं लायसन नव्हतं पण माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवायचा, असा एक सांगोल्याचा पोरगा गनर झाला.

आजबी जीडीच्या नोटिफिकेशनमध्ये लिहिलेलं असतंय की एलएमव्ही लायसन असलेल्याला ड्रायव्हरच्या जागांसाठी प्राधान्य. एलएमव्ही म्हणजे चारचाकीचं, गिअरच्या मोटरसायकलचं नाही. १८ पूर्ण झाली की आधी लर्निंग काढ, महिनाभरानं पक्क्याची टेस्ट दे, आणि गाडी खरंच शिक, नुसता कागद नको.

तसंच तोफखान्यात ऑपरेटर, गनर, ड्रायव्हर, रणगाड्यात ड्रायव्हर, गनर, ऑपरेटर, सॅपर्समध्ये सुतारकाम, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल असे ट्रेड. सेंटरला शिक्षण बघत्यात, टेस्ट घेत्यात, तब्येत आणि नजर बघत्यात, कुठल्या ट्रेडच्या किती जागा आहेत ते बघत्यात, आणि विचारत्यात की घरी काय काम करायचास. इथं पोरं लाजत्यात. बाप गवंडी असंल, चुलत्याचं वायरिंगचं दुकान असंल, स्वतः फौंड्रीत सहा महिने काम केलं असंल, तरी "कुछ नहीं साब" म्हणून मोकळी होत्यात. सांग की. कॉम्प्युटर येतो तर सांग, सर्टिफिकेट असंल तर मूळ प्रत जवळ ठेव. आणि जे येत नाही ते येतं म्हणू नकोस, दुसऱ्या दिवशी करून दाखवायला लावत्यात.

हिंदीत चार वाक्यं न अडखळता बोलायची सवय घरातनंच कर. आपल्या पोरांना सगळं येतंय पण हिंदीत सांगताना "मेरे को वो जमता है साब" च्या पुढं गाडी जात नाही आणि समोरच्याला वाटतंय ह्याला काय येतच नाही.

डिस्पॅच म्हणजे सेंटरला रवानगी, तिथपर्यंत काय काय

मेरिट लागल्यावर एआरओ परत कागदपत्रांना बोलावतंय. सगळे मूळ कागद एका फाइलमध्ये: दहावी बारावीची सर्टिफिकेट आणि मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलदारांचा अधिवास दाखला, जातीचा दाखला, सरपंच किंवा पोलीस पाटलांचा चारित्र्य दाखला जो सहा महिन्यांच्या आतला पाहिजे, अविवाहित असल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, बँक पासबुक, वीसेक फोटो. प्रत्येकाच्या झेरॉक्स दोन दोन संच, साक्षांकित. वय १८ च्या आत असंल तर आई-वडलांची सही लागती, त्यामुळं वडील ऊसतोडीला किंवा मुंबईला असतील तर त्यांना आधी कळवून ठेव.

ह्या मधल्या दिवसात पळणं सोडायचं नाही. नाव आलं की पोरं महिनाभर पार्ट्या करत्यात, वजन वाढतंय, मोटरसायकलवर पडून हात मोडून घेतलेलाबी एक बघितलाय मी, त्याची जॉइनिंग गेली. ट्रेनिंग जवळजवळ ३१ आठवड्यांचं असतंय आणि पहिल्या आठवड्यात जो दमतो तो मागं पडत जातो.

डिस्पॅचच्या दिवशी एआरओत सकाळी लवकर हजर, घरचे बाहेर गेटला. आत नावं पुकारत्यात, सेंटर सांगत्यात, कागद सीलबंद पाकिटात आणि प्रवासाचं वॉरंट (तिकिटासाठीचा सरकारी कागद) मिळतंय. आपलं पाकीट फोडायचं नाही. एकाच सेंटरची पोरं एकत्र जात्यात, तेव्हा तिथंच एकमेकांचे नंबर घ्या. बॅगेत लई भरू नका, तिथं सगळं मिळतंय. दोन जोडी साधे कपडे, पांढरे पीटी शूज, कुलूप, टॉवेल, थोडे रोख पैसे, घरच्यांचे नंबर कागदावर लिहून, कारण मोबाईल काढून घेत्यात. पहिला फोन कधी येईल सांगता येत नाही, आठवडाभर आला नाही तर घाबरायचं नाही, हे आईला निघायच्या आधी नीट समजावून सांग.

त्या पोराला मी पुढच्या वर्षीसाठी वहीत लिहून दिलंय: पहिली कॅटेगरी जीडी, दुसरी ट्रेड्समन, पावसाळ्याच्या आत लायसन, रोज रात्री एक तास गणित. परवा त्याचा फोन आलेला, लर्निंग निघालं म्हणाला.